सलग ओढलेली वायर

नवीन माणसाला मी माझा धंदा सांगितला की तो हमखास विचारतो, "मंग आजपर्यंत किती आगी इझवल्या?" एकही नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. आग विझवणारे वेगळे. मी आग लागल्याचं ओरडून सांगणारी यंत्रणा बसवणारा आणि सांभाळणारा. छताला चिकटलेल्या पांढऱ्या गोल डब्या, काच फोडायची लाल पेटी, भोंगा, आणि या सगळ्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात ते पॅनल. घर मलकापूरला, आणि काम बुलढाणा जिल्हाभर. जिनिंग, गोदामं, लॉज, दवाखाने. तीसेक वर्षं केलं, गेल्या उन्हाळ्यात थांबवलं.

या एवढ्या वर्षांत खरी आग मी दोनदाच पाहिली. बाकीचा जन्म गेला तो पिवळ्या दिव्यामागे.

तो दिवा काय, हे आधी सांगतो. पॅनलमधून दोन तारा निघतात, इमारतभर फिरतात आणि वाटेत एकेका डबीला जोडल्या जातात. त्यांतून वाहणारी वीज अगदी थोडी, हात लागला तरी झटका बसत नाही. पण त्यांना एक पथ्य आहे. या तारांनी जमिनीशी कसलाही संबंध ठेवायचा नाही. जमीन म्हणजे नुसती माती नव्हे. लोखंडी पाइप, ओली भिंत, छताची पत्र्याची पट्टी, हे सगळं शेवटी जमिनीलाच जाऊन मिळतं. तारेचं कातडं कुठे सोललं आणि आतलं तांबं अशा कशाला टेकलं की पॅनलवर पिवळा दिवा लागतो आणि बारीक टूं टूं सुरू होते. आम्ही त्याला अर्थ फॉल्ट म्हणतो. घोळ असा की एक फॉल्ट असताना यंत्रणा तशी ठीक चालते, म्हणून मालकाला घाई नसते. पण त्याच वेळी दुसरीकडे दुसरी तार टेकली, तर खऱ्या आगीला भोंगा मुका राहू शकतो. मलकापूरच्या एका जिनिंगवाल्यानं तर दिव्यावर देवाचा स्टिकर चिकटवला होता. "आता कुठी दिसते फॉल्ट?" म्हणून मलाच विचारत होता.

शोधायची रीत सांगायला सोपी आहे. डब्या काढून घ्यायच्या, वायर पॅनलपासून सोडवायची, मध्यावर तोडायची आणि दोन्ही अर्धी मीटरनं तपासायची. ज्या अर्ध्यात दोष, ते पुन्हा मध्यावर. असं करत माणूस एका खोलीपर्यंत येतो. मात्र त्यासाठी दोष हजर असावा लागतो. कधी येणारा, कधी जाणारा दोष असला की आमची परीक्षा. सुलतानपूरजवळच्या एका गोदामात रोज सकाळी नऊला दिवा लागायचा आणि दुपारी विझायचा. दोन दिवस मी वेड्यासारखा शिडी फिरवली. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन नुसता बसून राहिलो. साडेआठला चौकीदार अंघोळ करून आला आणि त्यानं धुतलेलं धोतर पिळून आमच्या पाइपावर वाळत घातलं. पाइपाला भेग होती, आत पाणी जात होतं. हा किस्सा मी शेकडो वेळा सांगितला आहे. जो कधीच सांगितला नाही, तो आता सांगतो.

हबीबभाई मलकापूरचा वायरमन. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. त्याचे वडील करीमचाचा हेही वायरमन, आणि मलकापुरात जुन्या घरांच्या लाकडी पट्टीवरची अर्धी वायरिंग त्यांच्या हातची. मी नवा असताना पाइप न चेपता कसा वाकवायचा हे मला चाचांनी शिकवलं होतं. आत वाळू भरून, गुडघ्यावर ठेवून, हळूहळू. "जबरदस्ती नको करू, बाबू. पाइप बी समजते," म्हणायचे. हबीब त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. बोलणं कमी, काम स्वच्छ. बोर्डाच्या मागे, जिथे कोणी बघत नाही तिथेही तो वायरी ओळीत बांधायचा.

गावात एक बाळंतपणाचा दवाखाना आहे. तिथली आगीची यंत्रणा माझी. डॉक्टरीणबाईंनी मागच्या बाजूला नवं ऑपरेशन थिएटर बांधलं तेव्हा पाइप टाकून आतून लाल वायर ओढायचं काम हबीबभाईनं केलं, आणि डब्या, पॅनल, जोडणी मी. डॉक्टरीणबाईंना उद्‌घाटनाची घाई होती, म्हणजे मलाही होती. काम झालं, फीत कापली गेली, आणि आठ दिवसांत पिवळा दिवा लागला.

मी जाईपर्यंत तो विझलेला होता. दोन दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा गेलो, पुन्हा विझलेला. असं दीड महिना चाललं. टूं टूं ऐकून बाळंतिणी घाबरायच्या, नातेवाईक नर्सवर ओरडायचे. मी जुनी इमारत तपासली, ती निर्दोष निघाली. म्हणजे दोष नव्या बाजूला. नव्या बाजूची वायर तोडून तपासली, मीटर म्हणाला सगळं उत्तम. माझ्या हाताखालून कधी फॉल्ट सुटला नाही अशी माझी गावात ख्याती होती, आणि मी ती जपत होतो.

एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. हबीबभाईलाही बोलावलेलं होतं. तो हातातली टेस्टरची पिशवी खाली न ठेवता दाराशी उभा होता.

"वानखडे, मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "चूक नेमकी कोणाची आहे? रोज पेशंट मला विचारतात."

मला म्हणता आलं असतं, अजून सापडलेली नाही. तीन शब्दांचं वाक्य. पण ते माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणालो, "मॅडम, माझ्या डब्यांची मी हमी घेतो. बाकी पाइपाच्या आत काय आहे, ते मला दिसत नाही. वायर कमी पडली की काही लोक आत जॉइंट मारून ठेवतात आणि वरून प्लास्टर होतं. माझ्या मते तेच झालंय."

हबीबभाईनं माझ्याकडे पाहिलं.

"वानखडेभाऊ, माह्या पाइपात एक बी जॉइंट नाही. सलग वायर ओढली हाये म्या."

"मी काय पाइपात जाऊन पाह्यलं का?" मी म्हणालो.

"तुमी मले वळखता ना?"

मी उत्तर दिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्या गप्प राहण्यालाच उत्तर मानलं. हबीबभाईला त्या दिवसापासून दवाखान्याचं काम बंद झालं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण त्याच संध्याकाळी मी बाजारातल्या इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या काउंटरवर गावातले सगळे ठेकेदार, वायरमन टेकलेले असतात. कोणाला काम द्यायचं, हे तिथेच ठरतं. दवाखान्यात काय झालं, असं दुकानदारानं विचारलं आणि मी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. या वेळी "माझ्या मते" हे शब्द गळले.

डॉक्टरीणबाईंनी अकोल्याचे कामगार आणून नवी बाजू पुन्हा वायर करून घेतली. तीन-चार ठिकाणी भिंत फोडली, हबीबची वायर उपसून काढली. मी उभा होतो. लाल वायर पाइपातून निघत गेली, निघत गेली, आणि अंगणात तिचं वेटोळं पडलं. मी ते वेटोळं टोकापासून टोकापर्यंत हातातून फिरवलं. एकही जॉइंट नव्हता. तो म्हणाला होता तशी, सलग.

मी मनाशी म्हणालो, ओढताना कातडं घासलं असेल. खरचटल्याची खूणही दिसत नव्हती, तरी मी तेच म्हणालो. त्यानंतर दिवा लागला नाही. एक आठवडा, एक महिना, तीन महिने. लोकांना पुरावा मिळाला. मलाही.

हबीबभाईला गावात कामं मिळेनाशी झाली. कोणी तोंडावर काही बोलत नसे, नुसतं बोलावत नसत. दिसत नाही तिथे जॉइंट मारणारा माणूस घरात कोण घेईल? होळीनंतर कळलं की तो चाचांना घेऊन संग्रामपूरला गेला. तिथे त्याची सासुरवाडी. त्या भागात बागाईत पुष्कळ, पाण्याचे पंप पुष्कळ, जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं काम तो करतो असं ऐकलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

जुलैत दवाखान्यातून फोन आला. पिवळा दिवा.

गेलो तर या वेळी तो लागलेलाच होता. मी पॅनल उघडतो न उघडतो तोच विझला. तिथे सुमनबाई म्हणून एक मावशी आहे. ऑपरेशनची अवजारं आणि कापड वाफेवर निर्जंतुक करायचं मशीन तीच चालवते. ती कपड्यांचा गठ्ठा घेऊन चालली होती. मला पाहून थांबली.

"भाऊ, तो आता नाही लागनार. म्या मशीन बंद केली."

"कोणती मशीन?"

"वाफेची. तिचं रबर खराब झालं का वाफ वर जाते, अन् मंग तो टूं टूं करते. मागच्या खेपेले बी तसंच होतं. मंग रबर बदललं त बंद झालं."

"मागच्या वेळी हे काऊन नाही सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?" ती म्हणाली आणि गठ्ठा घेऊन निघून गेली.

मी शिडी घेतली आणि मशीनच्या खोलीत फॉल्स सीलिंगची फरशी उचलली. टॉर्च मारला. वाफेनं वरची पत्र्याची पट्टी ओली झालेली होती. त्या पट्टीला मी बसवलेली धुराची डबी होती. डबी धरून ठेवणारा एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा बोटभर लांब होता. तो पट्टीतून आरपार जाऊन लाल वायरीत शिरला होता. अगदी टोक. कोरडं असताना टोक आणि तांबं यांच्यात केसभर अंतर राहायचं. वाफ साचली की पाण्यानं ते अंतर भरून निघायचं आणि वायर पट्टीवाटे जमिनीला मिळायची.

अकोल्याच्या लोकांनी पाइपातली वायर बदलली होती. सीलिंगवरचा हा शेवटचा हातभर तुकडा आणि डबीची जोडणी माझ्या ताब्यातली, म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता. तो स्क्रू कसा आला, हेही मला आठवलं. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी डबीसोबत आलेला बारका स्क्रू हातातून पडला, सापडला नाही, आणि मी पिशवीतला हाताला लागेल तो काढून फिरवला. फिरवताना शेवटी थोडा अडला होता. मी जोर लावला.

खाली एक नवं बाळ रडत होतं. मी स्क्रू काढला, बारका लावला, वायरीचा तुकडा बदलला, फरशी बसवली. रजिस्टरमध्ये लिहिलं, "फॉल्ट काढला. यंत्रणा व्यवस्थित." कोणाच्या चुकीनं, असा रकाना आमच्या रजिस्टरमध्ये नसतो. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये होत्या. थांबलो असतो तर भेटल्या असत्या. मी थांबलो नाही.

स्क्रू खिशात घालून घरी आणला आणि परसातल्या आडात टाकला. बायकोनं विचारलं, "काय टाकलं?" मी म्हणालो, "काही नाही, कचरा."

त्यानंतर मी रोज ठरवायचो. उद्या सांगू. पोळा झाला, नवरात्र झालं, दिवाळी झाली. संग्रामपूरच्या बाजूला एक काम आलं तर मी दुसऱ्याला पाठवलं. माणूस लबाड असला की त्याला झोप तरी लागते. मी धड लबाडही नव्हतो.

काम थांबवायच्या सुमारास, मार्चमध्ये, डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. त्यांना घराच्या वरच्या मजल्याचं वायरिंग करायचं होतं. मी केबिनमध्ये बसलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही आता काम सोडताय म्हणे. जाण्याआधी मला एक चांगला वायरमन सुचवा. पण भरवशाचा हवा. तुम्हीच म्हणाला होतात ना, दिसत नाही तिथे जॉइंट मारणारी माणसं असतात. मी तर सगळ्यांना तुमचं ते वाक्य सांगते."

सगळ्यांना सांगते. माझं वाक्य वर्षभर गावात फिरत होतं, माझ्या नावानं.

"मॅडम," मी म्हणालो, "ते वाक्य खोटं होतं."

आणि मी सगळं सांगितलं. स्क्रू, वाफ, अंगणातलं वेटोळं, रजिस्टर. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला जुलैमध्ये कळलं?"

"हो."

"आणि मी त्या माणसाला या दारातून बाहेर काढलं, तेव्हा तुम्ही इथेच या खुर्चीवर होतात." चष्मा पुन्हा लावत त्या म्हणाल्या, "वानखडे, मी रोज चुका बघते. माझ्याही होतात. पण कळल्यावर आम्ही गप्प राहिलो तर इथे माणूस मरतो." मग त्यांनी कागद काढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, की श्री. हबीब यांच्या कामात कोणताही दोष नव्हता, आमच्याकडून त्यांच्यावर अन्याय झाला. खाली सही, शिक्का. "हे त्यांना द्या. आणि घराचं काम त्यांनीच करावं अशी माझी इच्छा आहे, असं सांगा."

तिथून मी दुकानात गेलो. काउंटरवर सात-आठ जण होते. मी मोठ्यानं सांगितलं, दवाखान्याचा फॉल्ट माझा होता, हबीबचा नव्हता. दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या हो, भाऊ. होते कामात असं." एक ठेकेदार हसला, "रिटायर होता होता काय नवीन काढलं?" मला वाटलं होतं, कोणी तरी रागावेल. कोणाला कशाची पडलेलीच नव्हती. ऐकलेलं वाईट त्यांनी लगेच खरं मानलं होतं, आणि ते खोटं निघालं तर त्यांना त्याचं काहीच करायचं नव्हतं.

तरी दुसऱ्या दिवशी संग्रामपूरच्या एसटीत बसलो तेव्हा मी बऱ्यापैकी हलका झालो होतो. खरं सांगायचं तर थोडा फुशारलोही होतो. खिशात डॉक्टरीणबाईंचा कागद होता. मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. असं किती जण करतात? हबीबभाई आधी चिडेल, मग शांत होईल, करीमचाचा आतून येतील, मला बाबू म्हणतील, असं सगळं मी सातपुड्याकडे बघत मनात रचलं होतं.

बाजाराच्या कडेला पत्र्याचं दुकान. बाहेर चिखल लागलेले पंप ओळीत. ओळीतच, एकाच अंतरावर. हबीबभाई खाली बसून मोटारीत तांब्याची तार भरत होता. दाढी पांढरी झालेली. मला पाहून तो उठला नाही, पण स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बसा, वानखडेभाऊ."

मी बसलो. आधी कागद द्यायचा की आधी बोलायचं, हे कळेना. मग बोललोच. सगळं, पहिल्यापासून. तो तार भरत राहिला. वेढे मोजताना त्याचे ओठ हलत होते, त्यामुळे तो ऐकतो आहे की नाही हेही मला कळत नव्हतं. मी कागद पुढं केला. त्यानं हात फडक्याला पुसले, कागद वाचला, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

"स्क्रू कव्हा सापडला तुमाले?"

"जुलैत."

"म्हंजे मागच्या जुलैत."

"हाव."

तो थांबला. हातातली तार सैल पडली.

"अब्बा डिसेंबरात गेले," तो म्हणाला.

मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी संग्रामपूरचं नाव निघालं की विषय बदलायचो.

"मी लहान होतो तवापासून," हबीबभाई म्हणाला, "रोज सांजच्याले अब्बा इचारायचे, आज काय केलं? किती पॉइंट झाले? पाइप कुठून नेला? मी सांगायचो. चाळीस वर्साचा झालो तरी सांगायचो. दवाखान्याचं झालं, त्या दिवशी त्याइनं इचारलं, जॉइंट होता का? मी म्हनलं, नाही अब्बा. त्याइनं मान हालवली. बस. त्याच्यानंतर कव्हाच कामाचं इचारलं नाही. इथी आलो, एवढ्या मोटारी भरल्या, एक दिवस इचारलं नाही."

"त्यांचा तुझ्यावर इश्वास होता, हबीबभाई," मी म्हणालो. काही तरी बोलायचं म्हणून.

"माह्यावर होता का तुमच्यावर, हे मले नाही समजलं. तुमाले बी त्याइनंच शिकवलं होतं." त्यानं तार पुन्हा उचलली, पण भरली नाही. "जुलै ते डिसेंबर. पाच महिने होते भाऊ तुमच्यापाशी. एक फोन केला असता. मले नाही. त्याइले."

आतून त्याच्या बायकोनं चहा पाठवला. तो मी प्यायलो. डॉक्टरीणबाईंच्या घराच्या कामाचा निरोप सांगितला.

"नाही. त्याइले सलाम सांगा. मलकापूरचं काम आता नाही करत मी." मग म्हणाला, "इथी मोटार खराब भरली त पानी येत नाही, अन् शेतकरी तोंडावर येऊन सांगते. मले ते बरं वाटते."

माझी बस निघायची वेळ झाली होती. तो म्हणाला, चला, सोडतो. मी नको म्हटलं, तरी त्यानं मोटरसायकल काढली. स्टँडवर गाडी थांबली. मी उतरलो. मला माफ कर म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की त्याला काही तरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि तेवढंही त्याच्याकडून मागायचा हक्क मला उरला नव्हता.

"डॉक्टरीनबाईले सांगतलं, हे बरं केलं," तो म्हणाला.

मी बसमध्ये चढलो, खिडकीशी बसलो. बाहेर तो गाडीला किक मारत होता, गाडी सुरू होत नव्हती. बस सुटेपर्यंत तो तिथेच होता. माझ्यासाठी थांबला होता की गाडीसाठी, हे मला खिडकीतून कळलं नाही.